पायऱ्यांवरचं सभागृह



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपण चालवता, त्या गुरुजींना मी भेटलेलो नाही. दादरा नगर हवेलीतल्या रांध्यात, त्यांनी शिकवलेल्या शाळेच्या अंगणात बोलायला मिळतंय, हा मी माझा मान समजतो.

आजचा विषय असा: निवडून आलेले, किंवा निवडून यायची आस धरलेले पुढारी वृत्तवाहिन्यांवर रोज रात्री भाष्यकार म्हणून बसतात. त्यामुळे आपल्या सार्वजनिक जीवनाचं काय होतं? हा विषय मुंबईच्या एखाद्या सभागृहात शोभेल, रांध्यात कशाला, असं कुणी विचारेल. मी म्हणतो, तो मुंबईपेक्षा इथेच जास्त लागू आहे. मुंबईच्या माणसाला नगरसेवक आहे, आमदार आहे, खासदार आहे. दादरा नगर हवेलीला विधानसभाच नाही. तुमचा प्रश्न राज्यकर्त्यांना अधिकाराने विचारावा, त्याचं उत्तर नोंदवून घ्यावं, अशी मोठी जागा एकच आहे: लोकसभेतली एक खुर्ची.

हे नेहमीच असं नव्हतं. १९५४ च्या जुलैत दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं. त्या मोहिमेत गोव्याची माणसं होती, पुण्या-मुंबईची तरुण मंडळी होती, गायक सुधीर फडके होते. त्यानंतर सात वर्षं हा मुलूख ना पोर्तुगालचा होता ना कागदोपत्री भारताचा. कारभार वरिष्ठ पंचायत पाहत होती. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. लष्कर आणि सशस्त्र पोलीस नेण्यासाठी वाट मागण्याचा पोर्तुगालला हक्क नाही, असा निकाल एप्रिल १९६० मध्ये लागला. पुढे विलीनीकरणाच्या करारावर नेहरूंच्या सहीसमोर सही करायला इथला कुणी प्रमुख हवा होता, म्हणून बदलानी नावाच्या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं पंतप्रधान करण्यात आलं. ११ ऑगस्ट १९६१ ला हा केंद्रशासित प्रदेश झाला. सात वर्षं ज्या भागाने स्वतःचं राज्य स्वतः चालवलं, त्याच्या वाट्याला त्यानंतर दिल्लीहून नेमलेला प्रशासक आणि लोकसभेतला एक प्रतिनिधी आला. २०२० मध्ये दमण-दीवशी जोडणी झाली तरी हे बदललेलं नाही. २०११ च्या जनगणनेत इथली वस्ती ३,४३,७०९ होती. एवढ्या माणसांचा संसदेतला आवाज एक.

आता २०२० चा सप्टेंबर आठवा. कोरोनाचा कहर चालू होता. त्या महिन्यात लोकसभेचं अधिवेशन भरलं आणि तुमचे खासदार मोहन डेलकर सभागृहात उभे राहिले. १९८९ पासून ते सात वेळा निवडून गेलेले. कधी अपक्ष, कधी काँग्रेस, कधी भाजप, कधी स्वतःचा पक्ष. पण माणूस याच मातीतला. स्थानिक प्रशासन आपली अवहेलना करतं, मुक्तिदिनाच्या कार्यक्रमात लोकप्रतिनिधीला लोकांशी बोलू देत नाही, हे गाऱ्हाणं त्यांनी लोकसभेत मांडलं. आरोप खरा की खोटा, हा मुद्दा आज माझ्यापुढे नाही. माझा मुद्दा असा, की एका आदिवासी राखीव मतदारसंघाचा सात वेळा निवडून आलेला खासदार सांगतो की मला माझ्याच लोकांपुढे बोलू दिलं जात नाही, ही लोकशाहीत मोठी बातमी आहे.

त्याच महिन्यात मुंबईच्या वाहिन्यांवर काय चाललं होतं, ते तुम्ही इथे घरोघरी पाहिलंत. सुशांतसिंह राजपूतचा मृत्यू, ८ सप्टेंबरला रिया चक्रवर्तीला अटक, ९ सप्टेंबरला कंगना राणावतच्या कार्यालयावर महापालिकेचा हातोडा. पक्षापक्षांचे प्रवक्ते सकाळपासून रात्रीपर्यंत त्यावर बोलत होते. विधिमंडळही त्यातून सुटलं नाही. महाराष्ट्राचं पावसाळी अधिवेशन त्या वर्षी अवघं दोन दिवसांचं होतं, ७ आणि ८ सप्टेंबर. राज्यात ऑक्सिजनच्या खाटा मिळत नव्हत्या. त्या दोन दिवसांतला वेळ एका वृत्तनिवेदकाविरुद्धच्या हक्कभंगाच्या प्रस्तावावर गेला. निवेदकाची भाषा गैर होती, हे मलाही मान्य आहे. पण जे आमदार पडद्यावर त्याच्याशी भांडत होते, ते तेच भांडण घेऊन सभागृहात आले. पडदा सभागृहात शिरला तो असा.

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. २२ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईत मरीन ड्राइव्हवरच्या एका हॉटेलात डेलकर मृतावस्थेत सापडले. तुमच्यासाठी ते घरातलं दुःख होतं. मुंबईत ते काय झालं? तेव्हा तिथे अंबानींच्या घराजवळ सापडलेल्या स्फोटकांच्या गाडीचं प्रकरण पेटलं होतं. गाडीशी संबंधित मनसुख हिरेन यांचा मृतदेह ५ मार्चला मिळाला होता. अर्थसंकल्पी अधिवेशनात विरोधी पक्ष भाजपने आघाडी सरकारला त्यावरून घेरलं. सरकार पक्षाने उत्तरादाखल डेलकरांचं नाव पुढे केलं, आणि ९ मार्चला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी विधानसभेत विशेष तपास पथकाची घोषणा केली. त्याच दिवशी इथल्या प्रशासनातल्या वरिष्ठांसह नऊ जणांवर गुन्हा दाखल झाला. त्या आठवड्यात रात्रीच्या पॅनलवर जे घडलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. एक म्हणायचा, हिरेनबद्दल बोला. दुसरा म्हणायचा, आधी डेलकरांबद्दल बोला. दोन मृत माणसांची नावं एकमेकांवर फेकली जात होती. डेलकर सप्टेंबरात लोकसभेत काय म्हणाले होते, लोकसभेच्या हक्कभंग समितीपुढे त्यांनी काय मांडलं होतं, खानवेलच्या किंवा दुधनीच्या माणसाला काय वाटतं, यातलं काहीही त्या चर्चांतून बाहेर येत नव्हतं. दादरा नगर हवेली कुठे आहे, हे सांगायला नकाशासुद्धा दाखवला जात नव्हता.

ऑक्टोबर २०२१ च्या पोटनिवडणुकीत श्रीमती कलाबेन डेलकर शिवसेनेच्या उमेदवार म्हणून जिंकल्या. महाराष्ट्राबाहेर लोकसभेची जागा शिवसेनेला प्रथमच मिळाली. सप्टेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. २०२४ मध्ये कलाबेन भाजपच्या उमेदवार म्हणून पुन्हा निवडून आल्या. त्यांचा निर्णय त्यांचा आणि मतदारांचा. त्यावर बोट ठेवण्याचा मला अधिकार नाही. मी बोट ठेवतो ते वेगळ्या गोष्टीवर. जो प्रश्न एका बाजूचा दारूगोळा म्हणून पडद्यावर आला, तो बाजू बदलताच पडद्यावरून जातो. विधानसभा नसलेल्या प्रदेशात निवडून आलेला माणूस आणि नेमलेला प्रशासक यांचं नातं काय असावं, हा खरा प्रश्न होता. तो तेव्हा चर्चेत नव्हता आणि आजही नाही.

हे असं का होतं, ते कळायला वाहिनीचा आतला कारभार कळला पाहिजे. मी पत्रकारितेतली काही वर्षं मुंबईतल्या एका मराठी वृत्तवाहिनीत काढली. तिचं नाव महत्त्वाचं नाही. कमी-अधिक फरकाने सगळीकडे तेच. दुपारी चारच्या सुमाराला रात्रीचा विषय ठरतो. मग पाहुणे जमवणारी मुलं फोनला लागतात. बहुतेक पंचविशीच्या आतली, हुशार, पगार बेताचा. पक्षांच्या मीडिया सेलने आज कोण बोलणार त्यांची नावं आधीच पाठवलेली असतात. पडद्यावर सहा खिडक्या भरायच्या असतात. मी एकदा धरणांच्या विषयावर जलसंपदा खात्यातल्या एका निवृत्त अभियंत्याचं नाव सुचवलं. अत्यंत अभ्यासू गृहस्थ. पलीकडून प्रश्न आला, "सर, ते भांडतील का?" मी म्हटलं, ते समजावून सांगतील. नाव वहीतून खोडलं गेलं. त्या खिडकीत कोण आलं? एका पक्षाच्या तिकिटासाठी मागच्याच निवडणुकीत खटपट केलेले गृहस्थ. त्यांच्या नावाखाली पट्टी गेली, 'राजकीय विश्लेषक'. नाव टाइप करणाऱ्या मुलाला मी विचारलं, हे विश्लेषक कधी झाले? तो म्हणाला, "त्या पार्टीची दोन माणसं आधीच आहेत ना सर, तिसऱ्याला पार्टीचं कसं लिहू?"

नऊ वाजता कार्यक्रम सुरू होतो. अँकरच्या कानात यंत्र असतं, नियंत्रण कक्षातून त्यात सूचना येत राहतात. एखादा पाहुणा आकडेवारी सांगू लागला की सूचना येते, पुढे चला. दोघांचे आवाज चढले की सूचना येते, या दोघांच्या खिडक्या मोठ्या करा. तुम्हाला घरात दिसतं की दोन माणसं आपणहून चिडली. चिडेपर्यंत त्यांना थांबू दिलेलं नसतं, आणि चिडल्यावर थांबवलेलं नसतं.

लोक म्हणतात, हे सगळं टीआरपीसाठी. मी यावर बराच विचार केला आहे आणि मला हे कारण अपुरं वाटतं. मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचं प्रकरण काढल्यावर ऑक्टोबर २०२० मध्ये वृत्तवाहिन्यांचे रेटिंग बंद झाले, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. मधले सतरा महिने कुणाला किती प्रेक्षक, हे कुणालाच अधिकृतपणे कळत नव्हतं. तरी रात्रीची भांडणं थांबली नाहीत. खरं कारण स्वस्तपणा आहे. दुधनीला वार्ताहर आणि कॅमेरामन पाठवायचा तर गाडी, डिझेल, मुक्काम, दोन दिवस, आणि हाती लागणार तीन मिनिटांची बातमी. प्रवक्ता स्वतःच्या घरातून, स्वतःच्या फोनवरून, फुकट तासभर बोलतो. वाहिनीला तास भरून मिळतो, पक्षाला फुकट प्रचार मिळतो, प्रवक्त्याला पक्षात वजन मिळतं. तिघांचाही फायदा होतो. किंमत चौथा मोजतो, ज्याची बातमी करायला कुणी आलंच नाही तो.

इथे माझ्यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. मराठी पत्रकारिता कधी निष्पक्ष होती? पुढारी आणि संपादक हे महाराष्ट्रात एकाच माणसात नांदत आले आहेत. टिळकांचा 'केसरी' १८८१ चा. बाबासाहेबांचा 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० चा. आचार्य अत्रे 'मराठा' चालवत होते आणि संयुक्त महाराष्ट्राची लढाईही लढत होते. बाळासाहेब ठाकरे यांचं 'मार्मिक' आधी आलं, शिवसेना मागाहून. 'लोकमत' दर्डा घराण्याचा, 'सकाळ' पवार घराण्याचा, 'प्रहार' राणेंचा. कुमार केतकर 'लोकसत्ता'चे संपादक होते, पुढे काँग्रेसतर्फे राज्यसभेत गेले. झी समूहाचे सुभाष चंद्रा २०१६ मध्ये राज्यसभेचे खासदार झाले. मग आजच्या प्रवक्त्यांनी काय घोडं मारलं?

माझं उत्तर असं. बाजू घेणं हा दोष नाही. बाबासाहेबांनी बाजू घेतली नसती तर आपण आज कुठे असतो? पण त्या सगळ्यांनी बाजू उघडपणे घेतली, लेखी घेतली आणि तिची किंमत मोजली. १८८२ साली कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध 'केसरी' आणि टिळक-आगरकरांच्या इंग्रजी 'मराठा'त पत्रं छापली गेली. ती बनावट निघाली. टिळक आणि आगरकरांनी माफी मागितली, तरी शिक्षा झाली आणि दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले. छापलेला शब्द दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो. त्याच्यावर बोट ठेवून विचारता येतं. रात्री नऊला पडद्यावर केलेला आरोप सकाळी कुठे असतो? त्याचं उत्तर देणार कोण, माफी मागणार कोण, प्रवक्ता की वाहिनी? प्रवक्ता म्हणतो, मी पक्षाची भूमिका मांडली. पक्ष म्हणतो, ते त्यांचं वैयक्तिक मत. वाहिनी म्हणते, पाहुण्यांच्या मतांशी आम्ही सहमत असूच असं नाही.

आणि सभागृहाशी तुलना करा. लोकसभेच्या कामकाज नियमांत ३५३ क्रमांकाचा नियम आहे. कुणावर बदनामीकारक आरोप करायचा असेल तर सदस्याने अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्याला आगाऊ सूचना दिली पाहिजे, म्हणजे मंत्र्याला चौकशी करून उत्तर देता येईल. मंत्र्याने सभागृहात 'आम्ही हे करू' म्हटलं की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं, आणि ते तीन महिन्यांत पुरं झालं का, हे पाहायला आश्वासन समिती असते. ही यंत्रणा ढिली आहे, आश्वासनं वर्षानुवर्षं लोंबकळतात, हे मी जाणतो. पण ढिली का होईना, ती आहे. पडद्यावर दिलेल्या आश्वासनाची वही कुठेच नाही.

आपल्याकडे कलगी-तुऱ्याचे सामने रात्रभर चालत. कलगीवाल्याने कूट सवाल टाकला की तुरेवाल्याला उत्तर द्यावंच लागे, त्याच चालीत, त्याच फडात. उत्तर आलं नाही की हार, आणि ती हार समोर बसलेल्या शेतकऱ्याला कळे. रात्री नऊच्या सामन्यात सवाल असतो, पण जवाबाची सक्ती नाही. एकाने विचारलं, तुमच्या काळात किती शेतकरी मेले, की दुसरा विचारतो, तुमच्या काळात किती? मग जाहिराती लागतात.

आता या व्याख्यानाला मी जे नाव दिलं त्याकडे येतो. ५ जुलै २०२१. महाराष्ट्राचं पावसाळी अधिवेशन, पुन्हा दोनच दिवसांचं. तालिका अध्यक्ष भास्कर जाधव यांच्याशी गैरवर्तन केल्याच्या कारणावरून भाजपचे बारा आमदार एका वर्षासाठी निलंबित झाले. दुसऱ्या दिवशी भाजपने सभागृहात न बसता विधानभवनाच्या पायऱ्यांवर प्रतिविधानसभा भरवली. ज्येष्ठ आमदार कालिदास कोळंबकर अध्यक्ष झाले. ध्वनिक्षेपक लावले, भाषणं झाली, समोर वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांची रांग. आत खरं सभागृह चालू होतं. तिथून हरकत आली, ध्वनिक्षेपक जप्त झाले, मग सारा लवाजमा पत्रकार कक्षात गेला आणि भाषणं पुढे चालली. वर्षभराचं ते निलंबन सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी बेकायदा ठरवलं. म्हणजे भाजपची तक्रार खोटी नव्हती. आणि सत्ताधाऱ्यांना उत्तर न देता ती दाबायची घाई होती, हेही उघड झालं. पण त्या दिवशी महाराष्ट्राने पाहिलं, की आत एक सभागृह आहे आणि बाहेर पायऱ्यांवर एक आहे, आणि कॅमेरा बाहेरच्याकडे तोंड करून आहे. पायऱ्यांवर घोषणा देणं ही विधानभवनातली जुनी रीत. पूर्वी पायऱ्यांवर घोषणा देऊन आमदार आत जात. आता पायऱ्यांवर 'बाइट' दिली की काम झालं, अशी समजूत रुजली आहे, आणि ती सगळ्या पक्षांत सारखी रुजली आहे.

याचं दुसरं टोक पुढच्या वर्षी दिसलं. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे फुटलेले आमदार गुवाहाटीच्या हॉटेलात जाऊन राहिले. मराठी वाहिन्यांचे वार्ताहर हॉटेलच्या दारात. त्याच दिवसांत आसामात भीषण पूर होता, सिलचर शहर पाण्यात होतं. आपले कॅमेरे आसामात होते आणि पूर दिसत नव्हता. महाराष्ट्रात पेरण्या पावसासाठी खोळंबल्या होत्या, त्याही दिसत नव्हत्या. सकाळी खासदार संजय राऊत पत्रकारांशी बोलत. ते खासदार, ते पक्षाचे प्रवक्ते आणि ते 'सामना'चे कार्यकारी संपादक. मग इतर पक्षांचे नेते दिवसभर त्यांच्या वाक्यांना उत्तरं देत. संपादक, लोकप्रतिनिधी आणि प्रवक्ता या तीन भूमिका एका माणसात असणं हे जुनंच आहे, ते मी मघाशी सांगितलं. नवं असं, की अख्ख्या राज्याच्या राजकारणाचं रोजचं वेळापत्रक सकाळच्या त्या दहा मिनिटांवर ठरू लागलं. विरोधकांनी त्यावर कितीही टीका केली तरी त्यांनी ते वेळापत्रक मोडलं नाही. उलट आपले तोंडाळ प्रवक्ते त्याच वेळेला उभे केले.

आणि केवळ वेळ वाया जातो एवढंच असतं तर मी इतक्या कळवळ्याने बोललो नसतो. २६ मे २०२२ च्या रात्री एका राष्ट्रीय वाहिनीच्या चर्चेत भाजपच्या तेव्हाच्या राष्ट्रीय प्रवक्त्या नूपुर शर्मा प्रेषितांविषयी जे बोलल्या, त्याचे पडसाद आखाती देशांपर्यंत उमटले. ५ जूनला पक्षाने त्यांना निलंबित केलं. त्या महिन्यात अमरावतीत एका औषध-दुकानदाराचा खून झाला. शर्मांच्या समर्थनाचा मजकूर पुढे पाठवल्याच्या रागातून तो झाला, असं तपास यंत्रणेचं म्हणणं आहे. खुद्द शर्मांना धमक्या येत होत्या, त्यांचा जीवही धोक्यात आला. चर्चेचा विषय न्यायालयात प्रलंबित होता. मग वाहिनीने ती चर्चा घेतलीच कशाला, हे १ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीत विचारलं. खून करणाऱ्यांचा गुन्हा खून करणाऱ्यांचाच आहे, त्यात तडजोड नाही. पण धर्माच्या नाजूक विषयावर दोन बाजूंची माणसं समोरासमोर बसवून ती पेटतील याची वाट पाहणं, हा ज्यांचा रोजचा व्यवसाय होता, त्यांना त्या रात्रीच्या जबाबदारीतून मोकळं कसं सोडायचं?

परदेशातही हेच आहे का, असं इथल्या तरुणांनी मला संध्याकाळी चहाच्या वेळी विचारलं. अमेरिकेत तर हे फार पुढे गेलं आहे. माजी काँग्रेस सदस्य जो स्कारबरो २००७ पासून सकाळचा कार्यक्रम चालवतात. माइक हकबी यांनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी लढवून फॉक्सवर स्वतःचा कार्यक्रम सुरू केला. तिथे दोन्ही बाजू ऐकवण्याचं बंधन प्रसारकांवर होतं, ते १९८७ मध्ये उठवण्यात आलं. ब्रिटनची गोष्ट आपल्याला जास्त शिकवते. तिथल्या प्रसारण नियामकाचा नियम सांगतो, की बातमीच्या कार्यक्रमात राजकारण्याने निवेदक, मुलाखतकार किंवा वार्ताहर व्हायचं नाही, अपवादात्मक कारण असल्याशिवाय. मार्च २०२३ मध्ये जीबी न्यूज या वाहिनीवर सत्ताधारी पक्षाच्या दोन खासदारांनी आपल्याच पक्षाच्या अर्थमंत्र्यांची मुलाखत घेतली. नियामकाने वाहिनीला दोषी धरलं, पण ते वेगळ्या नियमाखाली, वेगवेगळी मतं पुरेशी मांडली नाहीत म्हणून. पुढे तेव्हाचे खासदार जेकब रीस-मॉग यांच्या कार्यक्रमांवरूनही दोषी धरलं. वाहिनी न्यायालयात गेली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत त्यातले दोन निर्णय रद्द करून घेतले. कार्यक्रम बातमीचा की चर्चेचा, या भेदावर प्रकरण अडलं. म्हणजे नियम लिहिणंही सोपं नाही. तरी नियम आहे, त्यावर भांडायला जागा आहे. आपल्याकडे दूरसंचार नियामकाने ऑगस्ट २०१४ मध्ये शिफारस केली होती, की राजकीय पक्षांना प्रसारणाच्या मालकीतून दूर ठेवा. तो अहवाल तसाच पडून आहे. कुठलंही सरकार येवो, ते तो उघडेल असं मला वाटत नाही.

म्हणून मी मागणी करतो ती सरकारकडे नाही. सरकारच्या हाती वाहिन्यांची दोरी देणं हे आजारापेक्षा घातक औषध आहे. मागणी वाहिन्यांकडे आहे आणि ती लहान आहे. खिडकीतल्या माणसाने गेल्या पाच वर्षांत निवडणूक लढवली असेल, तिकीट मागितलं असेल, पक्षाचं पद घेतलं असेल, तर त्याच्या नावाखाली ते लिहा. आणि निवडून आलेल्या माणसाला आधी विचारा, हा प्रश्न तुम्ही सभागृहात मांडलात का? मांडला असेल तर उत्तर काय आलं? नसेल तर का नाही? या एका प्रश्नाने अर्ध्या खिडक्या आपोआप रिकाम्या होतील.

वाहिनीने ऐकलं नाही तर तुमच्या हाती काहीच नाही, असंही नाही. बऱ्याच वाहिन्या ज्या स्वनियमन प्राधिकरणाच्या सभासद आहेत, त्याच्याकडे सामान्य प्रेक्षकाला तक्रार करता येते. आधी कार्यक्रमानंतर सात दिवसांच्या आत वाहिनीकडे लेखी, उत्तर समाधानकारक नसेल तर प्राधिकरणाकडे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशाच तक्रारींवरून त्याने दोन मोठ्या हिंदी वाहिन्यांना एक लाख आणि पन्नास हजार रुपयांचा दंड केला आणि कार्यक्रम काढून टाकायला लावले. रक्कम त्यांच्या दृष्टीने किरकोळ आहे. पण तक्रार करणारे साधे नागरिक होते, आणि त्यांनी तारीख, वेळ, वाक्य टिपून ठेवलं होतं. तुमच्यातल्या दोन-चार पदवीधर मुलामुलींना हे सहज जमेल.

पण रांध्यासाठी मला यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते दुसरं काम. लोकसभेत प्रश्न विचारायचा तर खासदाराला किमान पंधरा दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते. याचा अर्थ अधिवेशनाच्या महिनाभर आधी तुमचे प्रश्न त्यांच्या हाती पडले पाहिजेत. मधुबन धरणात जमिनी गेलेल्यांचं राहिलेलं, कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांच्या वेतनाचं, दमणगंगेच्या पाण्याचं, वारली-कोकणा-धोडिया मुलांच्या शाळांचं, जे काय असेल ते. एका कागदावर एक प्रश्न, आकड्यांसह, गावाच्या नावासह. खासदार कुठल्या पक्षाच्या आहेत, हे त्या कागदावर येऊ देऊ नका. कोणते प्रश्न विचारले गेले आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, हे लोकसभेच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. ती उत्तरं उतरवून घ्या, ग्रामसभेत वाचा, जे उत्तर अर्धवट असेल ते खुणेने वेगळं ठेवा आणि पुढच्या अधिवेशनाला तोच प्रश्न पुन्हा द्या. हे काम किचकट आहे, पडद्यावर दिसणारं नाही, आणि एका वर्षात त्याचं फळ मिळणार नाही. व्याख्यानमालेच्या चालकांना माझी विनंती आहे, की पुढच्या वर्षीच्या तीन संध्याकाळींतली एक यासाठी राखून ठेवा. त्या दिवशी बाहेरचा वक्ता बोलावू नका. खासदारांना बोलावा, त्यांच्यासमोर त्या कागदांची फाइल उघडा, आणि पहिल्या कागदापासून सुरुवात करा.